गिली त्रावांगन: टेक्निकल डायव्हिंग शिकायला गेले, कार्ड न घेता परत आले

भरतीओहोटी

मंडळी, गेल्या महिन्यात मी आणि माझा मामेभाऊ इंडोनेशियातल्या गिली त्रावांगन बेटावर अकरा दिवस राहून आलो. निघण्याआधी भटकंतीच्या धाग्यावर मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं, त्यामुळे आल्यापासून 'कार्ड (म्हणजे कोर्स पास झाल्याचं) मिळालं का' असे बरेच निरोप आले. भावाला मिळालं, मला मिळालं नाही. का मिळालं नाही ते सविस्तर लिहायचं ठरवलंय. जाण्याआधी मी मराठीत असं काही वाचायला शोधत होते, आणि जे थोडंफार सापडलं त्यात सगळेच पास झालेले होते.

मी मुलुंडला राहते, फोर्टात एका बँकेत नोकरी करते. २०१४ साली अंदमानला हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) स्कूबा शिकले. मग मालवण, नेत्राणी, लक्षद्वीप असं करत पावणेदोनशे डाइव्ह झाल्या. भाऊ ठाण्याचा, त्याच्या माझ्याइतक्याच.

साध्या स्कूबात जास्तीत जास्त ४० मीटरपर्यंत जातात, आणि खाली राहायचा वेळही असा बेतलेला असतो की काही बिनसलं तर सावकाश, पण थेट वर येता येतं. टेक्निकलमध्ये ही मुभा आपण समजून उमजून सोडून देतो. जास्त खोल, जास्त वेळ राहिलं की शरीरात इतका नायट्रोजन विरघळतो की थेट वर आलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे, मणका, मेंदू, कुठेही इजा होऊ शकते. म्हणून ठरलेल्या खोलीवर ठरलेली मिनिटं थांबत यायचं. याला सगळे डेको म्हणतात. शेवटचा मोठा थांबा ६ मीटरवर असतो. तिथून बोटीचा तळ दिसतो, पाण्यावर नाचणारं ऊन दिसतं, आणि तिकडे जायचं नसतं. खाली जी काही अडचण येईल ती खालीच सोडवायची. सगळा कोर्स या एका वाक्याभोवती फिरतो.

मला सर्वांत आवडला तो हवेचा हिशोब. पाठीवर १२ लिटरचे दोन सिलिंडर, २०० बारला भरलेले (एक बार म्हणजे साधारण जमिनीवरच्या हवेचा दाब), म्हणजे ४,८०० लिटर. मी मिनिटाला साधारण २० लिटर वापरते. जमिनीवर हा साठा चार तास पुरेल. ४५ मीटरवर दाब साडेपाच पट, म्हणजे मिनिटाला ११० लिटर, आणि तोच साठा ४४ मिनिटांत संपतो. त्यातला एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेला जोडीदारासाठी राखीव. म्हणजे माझ्या हक्काचा जाण्याचा वाटा उरतो साडेचौदा मिनिटांचा. हा हिशोब वहीत मांडल्यावर खोल पाण्याकडे बघायची माझी नजरच बदलली.

गिली म्हणजे तिथल्या सासाक भाषेत छोटं बेट. त्रावांगन जेमतेम तीन किलोमीटर लांब. मोटारगाड्यांना बंदी आहे, सामान घोडागाडीतून जातं, तिला चिडोमो म्हणतात. आम्ही बालीत पादांगबाईहून बोटीने गेलो. पहाटे मशिदीची बांग, मग घोड्यांच्या घुंगरांचा आवाज, आणि समोर लोंबोकवर ३,७२६ मीटर उंच रिंजानी ज्वालामुखी. बाली आणि लोंबोकच्या मधल्या सामुद्रधुनीतून प्रशांत महासागराचं पाणी आपल्या हिंदी महासागरात येत असतं, त्यामुळे ओढ फार. वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाला १८५६ साली याच पट्ट्यापाशी लक्षात आलं की बालीतले कितीतरी पक्षी लोंबोकला नाहीत आणि लोंबोकचे काकाकुवा बालीत नाहीत. मधलं पाणी इतकं खोल की हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हाही तिथे जमीन जोडली गेली नाही. किनाऱ्यापासून थोडं गेलं की खोली मिळते, म्हणून हा कोर्स तिथे चालतो.

पहिले दोन दिवस आम्ही ६ मीटरच्या खाली गेलोच नाही. पाण्यात आडवं, जराही न हलता राहायचं आणि मानेमागे हात नेऊन सिलिंडरचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करायचे, उघडायचे. मास्क काढून तेच. जोडीदाराला दोन मीटर लांब नळी देऊन तेच. दिवसभर कीबोर्डवर काम करणाऱ्या खांद्यांना हात तिथवर पोचवायला मी सहा महिने घरी व्यायाम केला होता, तरी डावा हात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला.

पाचव्या दिवसाबद्दल लिहायचं आहे, पण ऑफिसातून निघायची वेळ झाली. रात्री लिहिते.

अनुस्वार

ताई, वाचतेय. मी फक्त तारकर्लीला एकदा केलंय, तेही प्रशिक्षकाचा हात धरून. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सह्यकडा

हवेचा हिशोब वाचून थक्क झालो. आम्ही डोंगरात पाण्याच्या बाटल्या मोजतो, त्याची आठवण झाली.

भरतीओहोटी

पुढचं लिहिते.

वर येताना लवकर नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून कुशीला वेगळे सिलिंडर लावतात, त्यात ऑक्सिजन जास्त असतो. एकात ५० टक्के, तो २१ मीटरपासून वर वापरायचा. दुसऱ्यात शुद्ध ऑक्सिजन, तो ६ मीटरपासून वर. सिलिंडरवर टक्के बारीक लिहितात आणि ही खोली हातभर मोठ्या आकड्यात चिकटवतात: २१ आणि ६. शुद्ध ऑक्सिजन २१ मीटरवर ओढला तर त्याचा दाब ३.१ बार होतो. वर येताना शांत तरंगतानाही १.६ च्या पलीकडे जायचं नसतं. त्यापुढे काहीही पूर्वसूचना न देता आकडी येऊ शकते, तोंडातलं रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो ते) सुटतं, आणि पाण्याखाली त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

म्हणून बदल करायची रीत ठरलेली. आकडा वाचायचा, जोडीदाराला दाखवायचा, घड्याळात खोली बघायची, व्हॉल्व्ह उघडायचा, मग सिलिंडरच्या डोक्यापासून तोंडात घ्यायच्या टोकापर्यंत नळीवरून बोटं फिरवत यायचं. जोडीदाराने नळी डोळ्यांनी तपासून खूण केल्याशिवाय तोंडात घ्यायचं नाही.

चौथ्या दिवसापर्यंत माझ्याकडे असा एकच सिलिंडर होता. पाचव्या दिवशी दोन आले, दोन्ही डाव्या कुशीला. आम्ही ४२ मीटरवरून वर येत होतो. ओढ होती, मास्कमध्ये अर्धं पाणी, हातात वर सोडलेल्या फुग्याची दोरी. २१ मीटरवर मी २१ चा आकडा भावाला दाखवला, त्याने खूण केली. मग माझा हात सवयीने जिथे जायचा तिथे गेला. तिथे आज ६ वाला सिलिंडर होता. मी त्याचाच व्हॉल्व्ह उघडला, त्याचंच रेग्युलेटर काढलं आणि तोंडाकडे नेलं. नळीवरून बोटं फिरवली नाहीत.

प्रशिक्षकाने माझं मनगट धरलं तेव्हा ते तोंडापासून चार बोटांवर होतं.

त्याने काही खुणा केल्या नाहीत. फक्त मनगट धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने ६ च्या आकड्यावर बोट टेकवलं. मी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग नीट रीतीने योग्य ते घेतलं आणि उरलेला डेको पुरा केला, म्हणजे त्या अवस्थेत आणखी वीसेक मिनिटं पाण्यात.

मी बँकेत रोज जे काम करते त्यात एकजण नोंद करतो आणि दुसरा ती तपासून मंजूर करतो. मेकर आणि चेकर. चेकरने न बघता मंजुरी दिली म्हणून झालेले घोटाळे मी स्वतः खणून काढले आहेत. खोलीवर येऊन बसल्यावर हेच सारखं डोक्यात येत होतं.

सहावा दिवस आम्ही पुन्हा उथळ पाण्यात घालवला, फक्त बदल करायचा सराव, चाळीसेक वेळा. सगळे बरोबर झाले. सातव्या दिवशी शेवटची डाइव्ह, ४५ मीटर. ३० मीटरला मला जाणवलं की मी दाबाचा काटा तिसऱ्यांदा वाचतेय आणि वाचलेलं डोक्यात टिकत नाहीये. श्वास जोरात चालला होता. मी अंगठा वर केला. डायव्हिंगमध्ये ही 'छान'ची खूण नसते. 'संपलं, वर चला' असा तिचा अर्थ, आणि ती कुणीही, कधीही, कारण न देता करू शकतो. तिघेही वर आलो.

बोटीवर प्रशिक्षकाने एवढंच विचारलं, 'चहा घेणार?' संध्याकाळी म्हणाला, बाकी सगळं झालंय, ही एक डाइव्ह राहिली, ती झाली की कार्ड. भावाची ती डाइव्ह त्याने आठव्या दिवशी दुसऱ्या जोडीदाराबरोबर करून घेतली. मलाही विचारलं होतं. मी नको म्हटलं. पुढे दिवस उरला नव्हता, कारण डेको असलेल्या डाइव्हनंतर निदान चोवीस तास विमानात बसत नाहीत आणि परतीचं तिकीट काढलेलं होतं.

प्राजक्त७

वाचताना हात गार पडले. राग मानू नका, पण विचारावंसं वाटतं. घरी आईवडील असतील, मुलं असतील. इतका जीव टांगणीला लावून तिथे बघायला काय मिळतं?

दोन_फिन्स

लेख चांगला आहे, पण मला हे सगळं जरा जास्तच वाटतं. मी अंदमानला साध्या एका सिलिंडरवर ५२ मीटरला जाऊन आलोय, दोनदा. साध्या हवेवर. पाच मिनिटं खाली, परत वर. काही झालं नाही. डोकं शांत ठेवलं आणि अनुभव असला की जमतं. लाखांचा कोर्स आणि चार सिलिंडर घेऊन माणसाला उलट जास्त गोष्टी सांभाळाव्या लागतात, तुमच्या बाबतीत तेच झालं ना? एक सिलिंडर असता तर चुकीचा उचललाच नसता.

दुसरी_टाकी

मी तो मामेभाऊ. इथे फक्त वाचत असतो, पण ताईने एक गोष्ट तिच्या बाजूने लिहिली आहे, ती माझ्या बाजूने लिहायलाच हवी.

तिने २१ चा आकडा दाखवला आणि मी खूण केली. खूण मी आकड्याला केली. नळीला नाही. माझं काम नळी बघायचं होतं. मी त्या क्षणी माझ्या स्वतःच्या सिलिंडरची क्लिप सोडवत होतो आणि मान वर करून एका सेकंदात 'ओके' दिलं. तिने चुकीचा हात घातला हे खरं, पण ती चूक पकडायला जो माणूस समोर तरंगत होता त्याने बघितलं नाही. प्रशिक्षक तिथे नसता तर माझ्या ओकेवर विसंबून तिने तो श्वास घेतला असता.

संध्याकाळी प्रशिक्षकाने आम्हाला दोघांना बसवलं आणि आधी मला विचारलं, तू काय बघितलंस? मी म्हणालो, आकडा. तो म्हणाला, तू बघितलंस ते तिने तुला दाखवलं होतं. तुला बघायचं होतं ते तिने दाखवलेलं नव्हतं.

कार्ड मला मिळालं आहे. ते कपाटात आहे. ताईचं होईपर्यंत मी ४० च्या खाली जाणार नाही, हे तिला अजून सांगितलं नव्हतं, आता इथेच सांगतो.

अनुस्वार

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

एक शंका. ऑक्सिजन तर जीव वाचवतो, दवाखान्यात नाकाला लावतात. तो विषारी कसा होतो?

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, डायव्हर नाही, पण मुलगी डाइव्ह करते म्हणून हा विषय वाचावा लागला.

अनुस्वार, दवाखान्यात जो ऑक्सिजन देतात तो एका वातावरणाच्या दाबाला असतो. दाब वाढवत नेला की तोच वायू मेंदूच्या पेशींना त्रास देऊ लागतो आणि झटके येतात. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ मध्ये हे प्राण्यांवर दाखवून दिलं. नायट्रोजनच्या बुडबुड्यांचं निदानही त्याचंच. त्याच काळात अमेरिकेत मोठ्या पुलांचे पाये घालताना नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेच्या पेटाऱ्यात काम करणारे मजूर बाहेर आल्यावर सांधे धरून वाकायचे, लुळे पडायचे. ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंगही याच आजाराने खिळला आणि पुलाचं पुढचं काम त्याच्या पत्नीने, एमिलीने, निरोप नेत आणत पुरं करून घेतलं. थांबत थांबत वर यायची शास्त्रशुद्ध कोष्टकं आली १९०८ मध्ये. जॉन स्कॉट हॉल्डेनने ती बकऱ्यांवर प्रयोग करून बनवली. आज मनगटावरच्या संगणकात सूत्रं सुधारली आहेत, पण शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेगाने वायू घेतात आणि सोडतात ही कल्पना त्याचीच.

दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. साधारण चारातल्या एका प्रौढ माणसाच्या हृदयात दोन कप्प्यांमधलं जन्माआधीचं भोक पूर्ण बुजलेलं नसतं. एरवी काही त्रास नाही, आयुष्यभर कळतही नाही. पण बुडबुडे त्या वाटेने फुप्फुसाची गाळणी चुकवून थेट मेंदूकडे जाऊ शकतात. डेको करणाऱ्यांनी निदान हृदयरोगतज्ज्ञाशी याबद्दल बोलावं.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. विमानाचं सगळ्यांना माहीत असतं, घाटाचं नसतं. कोकणात दिवसभर खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे कोल्हापूरला निघालात तर तुम्ही समुद्रसपाटीवरून ६९० मीटर चढता. शरीराच्या दृष्टीने तो विमानप्रवासाचा धाकटा भाऊ आहे. पर्यटकांची आठ मीटरची फेरी वेगळी, पण प्रशिक्षित लोकांनी एक रात्र खाली काढावी.

आणि दोन_फिन्स, ५२ मीटरवर हवेतल्या नायट्रोजनची गुंगी चढते. दारू चढलेल्याला आपण ठीक आहोत असं वाटतं, तसंच इथेही वाटतं. 'मला काही झालं नाही' हे सांगणारा मेंदू तोच असतो.

भरतीओहोटी

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. घाटाचं मलाही सुचलं नव्हतं.

दोन_फिन्स, तुमच्या प्रश्नाला टाळून चालणार नाही, कारण तो प्रश्न परतीच्या विमानात मी स्वतःलाही विचारला. एक सिलिंडर असता तर चुकीचा उचलला नसता, हे खरं आहे. पण तुमची ५२ मीटरची डाइव्ह वहीत मांडून बघा. मी सोयीसाठी ५० धरते. अंदमानला मिळतो तो ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा, २०० बारला २,२२० लिटर. समजा खाली तुमच्या जोडीदाराची हवा बंद पडली. आता दोघे एका सिलिंडरवर, घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर. एक मिनिट तिथेच सावरायला जातं: ६० गुणिले ६, म्हणजे ३६० लिटर. मग मिनिटाला नऊ मीटरने वर यायला साडेपाच मिनिटं, सरासरी साडेतीन पट दाब: साधारण १,१५५ लिटर. एकूण दीड हजार. म्हणजे काटा १३५ बारवर आला की वळायलाच हवं, आणि यात वाटेत कुठे थांबायची हवा धरलेलीच नाही. ५० मीटर खाली पोचेपर्यंत तुमचा काटा किती होता ते आठवतं का?

तुम्ही दोनदा सुखरूप आलात याचा मला आनंद आहे. दोन्ही वेळा तुमच्या जोडीदाराची हवा सुरू होती.

प्राजक्त७, राग कसला. वडील नाहीत, आई माझ्याजवळ असते. मुलगी अकरावीत आहे. दोघींना मी पाचव्या दिवशीचं सगळं सांगितलं, आकड्यांसकट. आई दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, 'तू वर आलीस ना स्वतःहून, मग शीक नीट.' काय बघायला मिळतं म्हणाल तर ४५ मीटरवर जपानी नौकेचा एक सांगाडा आहे, तिथे आम्ही जाणार होतो. तो मी पाहिला नाही. पण श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ ५३ मीटरवर एचएमएस हर्मीस पडली आहे. विमानवाहू म्हणूनच आखणी झालेलं जगातलं पहिलं जहाज, ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी बुडवलं. तिथे जावं असं मला दहा वर्षं वाटतंय. तिची माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हापासून. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

दोन_फिन्स

काटा आठवत नाही. डाइव्हच्या वहीत बघितलं, लिहिलेला नाही. १३५ चा हिशोब दोनदा करून पाहिला, बरोबर आहे. पुन्हा एका सिलिंडरवर तिथे जाणार नाही.

तेलविहीर

धागा आज पाहिला. मी एकवीस वर्षं बॉम्बे हायला डायव्हिंग सपोर्ट जहाजावर काढली, जीवनरक्षण विभागात, म्हणजे चेंबरच्या बाहेर बसून आतल्या माणसांचे वायू सांभाळायचे. तिथे पाणी सत्तर-पंच्याहत्तर मीटर. आमचे डायव्हर वर-खाली करत नाहीत. ते जहाजावरच्या चेंबरमध्ये त्या खोलीच्या दाबालाच राहतात, जास्तीत जास्त २८ दिवस. तिथेच जेवतात, झोपतात. हेलियम मिसळलेल्या वायूमुळे आवाज इतका चिरका होतो की यंत्रातून उलगडून ऐकावा लागतो. कामाला जायचं तर त्याच दाबाच्या घंटेत, म्हणजे खाली सोडायच्या बंद पेटीत, बसून खाली. शेवटी दाब उतरवायला तीन-चार दिवस लागतात. तेवढे दिवस माणूस समोरच्या जाड काचेपलीकडे असतो आणि घरून वाईट बातमी आली तरी त्याला बाहेर काढता येत नाही. मी हे एकदा अनुभवलं आहे. त्याच्या वडिलांची बातमी मला काचेतून सांगावी लागली, आणि पुढचे अडीच दिवस आम्ही दोघं काचेच्या दोन बाजूंना बसून होतो.

आमच्या माणसाला नळीतून हवा, नळीतून गरम पाणी, कानात वरच्याचा आवाज. वर दहा माणसं त्याच्यासाठी जागी. तुमच्याकडे हे सगळं एका जोडीदारात असतं. त्यामुळे दुसरी_टाकी यांनी जे लिहिलं ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. आमच्याकडे वायू बदलताना एकजण मोठ्याने वाचायचा, दुसरा पॅनेलवर बोट ठेवून तेच परत मोठ्याने वाचायचा, आणि मगच हात व्हॉल्व्हला लागायचा. पाण्याखाली आवाज नाही, तर बोट वापरा. जोडीदाराचं बोटसुद्धा नळीवर फिरू दे, नुसती नजर नको.

दुसरी_टाकी

काका, हे आम्ही करणार. जोडीदाराचं बोटही नळीवर. धन्यवाद.

वेसावकरीण

ताई, मी वेसावची. आमची बोट आहे. पंख्यात दोर किंवा जाळं अडकलं की माझे बाबा अजून दम धरून खाली जातात, कोयता घेऊन. पाणी इतकं गढूळ की हाताला लागेल तेच दिसतं म्हणायचं. मी लहानपणापासून वर बसून आकडे मोजत आलेय. शंभराच्या पुढे गेले की पोटात कालवतं. ते वर आले की कधी विचारलं नाही खाली काय झालं.

तुम्ही लोक खाली जाळं अडकलं तर काय करता? आणि मला शिकायचं असेल तर कुठून सुरू करू? पोहायला येतं, खाडीत शिकले.

भरतीओहोटी

वेसावकरीण, तुमचे बाबा जे करतात ते करायची माझी हिंमत नाही, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय. गढूळ पाण्यात, ओढ असताना, बंद पडलेल्या पंख्याखाली, एका दमावर.

आम्ही प्रत्येकजण कापायची दोन साधनं ठेवतो, एक उजव्या हाताला पोचेल असं आणि एक डाव्या. मोठा सुरा नको. पात्याला वाकडी खाच असलेलं छोटं कटर दोरीला बरं पडतं, आणि चुकून स्वतःची नळी कापली जात नाही. अडकलं की पहिलं काम थांबणं. ओढाओढ केली की जाळं जास्त गुंडाळतं. मागचं आपल्याला दिसत नाही, म्हणून ते जोडीदाराने कापायचं. बाबांसाठी एक कटर मी पाठवते, निरोपातून बोलू.

शिकायचं तर मुंबईच्या पाण्यात हाताला हात दिसत नाही, त्यामुळे सुरुवात तलावात आणि मग कोकणात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे खास खोल तलाव बांधलेला आहे. आधी साधा कोर्स. माझ्यासारखं काही करायचं तर निदान शंभर डाइव्ह होऊ द्या, आणि त्यातल्या बऱ्याच कंटाळवाण्या असू द्या.

अनुस्वार, तुम्ही निरोपात खर्चाचं विचारलं होतं, सगळ्यांसाठी इथे लिहिते. कोर्स, वायू, राहणं, विमान, व्हिसा धरून मला दोन लाखांच्या वर गेले. पाठीची प्लेट, रेग्युलेटर, संगणक आधीच होते. विम्याची कागदपत्रं शब्दन् शब्द वाचा. माझ्या प्रवास विम्यात ३० मीटरच्या खालचं काहीच धरलेलं नव्हतं, डायव्हरांसाठीचा वेगळा घ्यावा लागला. दाबाच्या उपचाराचं चेंबर कुठे आहे हेही निघण्याआधी शोधा. आम्हाला बालीत देनपसारच्या सरकारी इस्पितळात जावं लागलं असतं, म्हणजे आधी बोट आणि मग गाडी.

अनुस्वार

धन्यवाद ताई. परत कधी जाणार?

भरतीओहोटी

रजा मिळाली की. तोवर दर रविवारी गच्चीवर सराव चालतो. भाऊ सकाळी साडेसातला ठाण्याहून येतो. पीव्हीसी पाइपाचे दोन नळकांडे केलेत, त्यांना जुन्या नळ्या आणि जुनी माउथपीस लावलीत, वर आकडे चिकटवलेत, २१ आणि ६. दर वेळी कोण कुठल्या बाजूला ते मुलगी बदलून ठेवते आणि आम्हाला सांगत नाही. आम्ही डोळे मिटून सुरू करतो. तेलविहीर काकांनी सांगितल्यापासून भावाचं बोटही नळीवरून फिरतं.

आई खुर्ची टाकून बसते आणि आकडा मोठ्याने वाचते. गेल्या रविवारी साठ वेळा केलं. एकोणचाळिसाव्या वेळी माझा हात पुन्हा सवयीच्या जागी गेला. आई 'थांब' म्हणाली, त्याच्या आधी भावाने नळी धरली होती.

वेसावकरीण, येत्या रविवारी याल का? बाबांनाही आणा.

वेसावकरीण

येते. बाबा विचारतायत, बोंबील सुके आणू की ओले.